आधी निचरा, मग कोबा

शेतकऱ्याच्या हाती चार पैसे शिल्लक राहिले म्हणजे घरादाराच्या दुरुस्तीचा विचार सुरू होतो. कापूस अगर सोयाबीन बरे झाले तर घराच्या दर्शनी भिंतीस रंग लागतो, ओसरीत फरशी येते, आणि त्यातूनही काही उरलेच तर गोठ्यावरील फुटकी कवेलू उतरवून टिनपत्रे चढविली जातात. गोठ्याची जमीन मात्र आजोबांच्या वेळी जशी होती तशीच राहते. ज्या जागेवर जनावर दिवसाचे बारा-चौदा तास उभे राहते व बसते, त्या जागेचा विचार सर्वांत शेवटी होतो, आणि कित्येकदा होतच नाही.

अलीकडे हा विचार होऊ लागला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु तो ज्या रीतीने होतो ती रीत पुष्कळदा चुकीची असते. गवंडी बोलावला जातो, असलेल्या मातीवरच दोन-तीन इंच सिमेंटचा कोबा ओतला जातो, थापीने घोटून आरशासारखा गुळगुळीत केला जातो आणि गोठा पक्का झाला असे समजले जाते. पुढच्या पावसाळ्यात त्यास भेगा पडतात, मध्ये खळगा होऊन मूत्र साचते, बैलाचा पाय घसरतो, आणि ‘आपली मातीच बरी होती’ असा शेरा गावभर होतो. हा दोष सिमेंटचा नव्हे. निचऱ्याची व्यवस्था न करता वरची साय तेवढी घट्ट केली, हा खरा दोष आहे.

रोहिणखेडसारख्या गावात या प्रश्नाचे सर्व पैलू एकत्र पाहावयास मिळतात. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले आहे. १४३७ व १५९० या वर्षी येथे झालेल्या लढायांमुळे आणि १५८२ साली बांधलेल्या दगडी मशिदीमुळे इतिहासात त्याची नोंद आहे. घाटाखालच्या या पट्ट्यात डोंगराच्या कुशीत मुरमाड, हलकी जमीन, तर जसजसे पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरावे तसतशी भारी काळी जमीन, असा फरक थोड्या अंतरात आढळतो. गोठ्यास वऱ्हाडात कोठा म्हणतात. मातीच्या भिंती, लाकडी खांब, बुटके दार आणि उघडी भुई असे जुने कोठे या भागात अपरिचित नाहीत. मुरूम आणि काळा दगड ही दोन्ही साधने डोंगराच्या बाजूस जवळ असल्यामुळे, कोठ्याची जमीन सुधारणे येथील शेतकऱ्यास सपाटीवरील शेतकऱ्यापेक्षा सोपे जावयास हवे.

मातीत काय मुरते?

कोठ्याची जमीन सुधारावी ती स्वच्छतेसाठी, असे सामान्यतः सांगण्यात येते. ते खरे आहे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहूनही मोठे कारण खताचे आहे. ताज्या शेणात नत्राचे प्रमाण ०.४ टक्क्याच्या आसपास असते, तर जनावराच्या मूत्रात ते सुमारे एक टक्का असते. पालाशही शेणापेक्षा मूत्रात कितीतरी अधिक असतो. स्फुरद मात्र बहुतेक सर्व शेणातच असतो. शेणाचे वजन मूत्राहून जास्त भरते हे खरे, तरीही जनावरापासून मिळणाऱ्या एकूण नत्राचा जवळजवळ निम्मा वाटा मूत्रातून बाहेर पडतो. आपण पाटीने शेण उचलतो, उकिरड्यावर नेतो आणि सर्व खत सांभाळले असे मानतो. वास्तविक निम्मी कमाई कोठ्यातच मातीमोल झालेली असते.

याचा हिशेब कोणाही शेतकऱ्यास करता येण्यासारखा आहे. समजा, एका कोठ्यात चार मोठी जनावरे आहेत. प्रत्येकाचे दिवसाचे मूत्र आठ लिटर धरले, आणि त्यातील निम्मेच कोठ्यात पडते असे मानले, तर एका रात्रीचे १६ लिटर व वर्षाचे ५,८४० लिटर होते. एक टक्क्याने त्यात सुमारे ५८ किलो नत्र आले. त्यातील निम्मे हवेत उडाले, सांडले, वाया गेले असे समजून सोडून दिले, तरी २९ किलो उरते. युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या एका गोणीत पावणेएकवीस किलो भरते. म्हणजे चार जनावरांमागे वर्षास सव्वा गोणीहून अधिक युरियाइतके नत्र, आणि शिवाय युरियात मुळीच नसलेला पालाश, कोठ्याच्या भुईत जिरत असतो. जनावरे निरनिराळी, चारा निरनिराळा, म्हणून हे आकडे थोडे खाली-वर होतील. परंतु नुकसानीची दिशा बदलणार नाही.

भुईत जिरलेले मूत्र पिकाच्या मुळाशी पोचत नाही. त्यातील युरिया शेणातील व मातीतील विकरामुळे थोड्याच वेळात विघटित होतो व अमोनिया वायू होऊन उडू लागतो. पहाटे बंद कोठ्याचे दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा जो उग्र दर्प येतो, तो या उडून जाणाऱ्या खताचाच होय. तोच वायू रात्रभर जनावराच्या डोळ्यांत व छातीत जातो.

पावसाळ्यात तर दशा आणखी कठीण होते. बाहेरचे पाणी उंबऱ्यावरून आत येते, शेण, मूत्र व माती यांचा राडा होतो, आणि जनावर त्यातच बसते. सतत ओलीत राहिल्याने खूर मऊ पडतात, बोटांच्या बेचकीत जखमा होतात. दुभत्या गाई-म्हशींची कास चिखलात टेकल्यामुळे कासदाहाचा धोका वाढतो. गोचीड पोट भरल्यावर जनावराच्या अंगावरून गळते व भुईच्या आणि भिंतीच्या भेगांत अंडी घालते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रातील पशुपालकांना जो फटका दिला, त्याच्या प्रसारात चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांचा वाटा होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. लस टोचणे हा पहिला उपाय खराच, परंतु ज्या कोठ्यात किडीची पैदास अखंड चालू आहे, तेथे औषधाचा खर्चही अखंडच राहणार.

पोळ्याच्या दिवशी खांदेमळणी करून, शिंगे रंगवून, झूल घालून आपण बैलाचा मान राखतो. हा सण श्रावणाच्या अमावास्येस येतो, म्हणजे कोठ्यात सर्वांत अधिक चिखल असण्याच्या दिवसांत. तोरणाखालून मिरवून आलेला बैल त्याच संध्याकाळी घोट्याइतक्या राड्यात बांधावा लागत असेल, तर त्या मानास फारसा अर्थ उरत नाही.

मातीच्या बाजूने जे बोलले जाते

मातीची जमीन सोडण्यास अनेक अनुभवी शेतकरी नाखूष असतात. त्यांची कारणे हट्टाची नाहीत, विचारात घेण्यासारखी आहेत. माती मऊ असते, तीवर बसताना जनावराचे गुडघे सोलवटत नाहीत. ती हिवाळ्यात कोब्याइतकी गार पडत नाही. नाल मारलेल्या बैलाचा पाय तीवर घसरत नाही. आणि ती फुकट मिळते.

या म्हणण्यास शास्त्राचाही आधार आहे. इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने कंपोस्टची जी पद्धत बसविली आणि १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तीत कोठ्यातील मूत्र शोषून घेण्याचे काम मातीकडेच सोपविलेले होते. जनावराखालची मूत्राने भिजलेली माती दर काही महिन्यांनी खणून काढावयाची, ती कंपोस्टच्या ढिगात वापरावयाची आणि तिच्या जागी नवी कोरडी माती भरावयाची, असा तो क्रम होता. इंदूरची जमीनही आपल्यासारखीच काळी. तेव्हा मातीच्या कोठ्यातून मूत्र वाचविता येत नाही असे म्हणणे बरोबर ठरणार नाही.

पण येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. हॉवर्ड यांची माती दर तीन-चार महिन्यांनी बदलली जात होती; आपली माती पिढ्यान्पिढ्या बदलली जात नाही. सारवून व तुडवून ती इतकी घट्ट झालेली असते की वरच्या थरात मूत्र शोषण्याची शक्तीच उरत नाही, आणि जे मुरते ते परत शेतात जात नाही. म्हणून मातीचा खरा अभिमान असणाऱ्या शेतकऱ्याने माती बदलण्याचे कष्टही पत्करावेत. मृगापूर्वी हलकी, भुसभुशीत, कोरडी माती आडोशाला साठवून ठेवावी. कोठ्यात तिचा अर्धा फूट जाडीचा थर द्यावा. ओली जागा रोज कुटार टाकून उकरावी. आणि तीन-चार महिन्यांनी सर्व थर काढून खतखड्ड्यात न्यावा. यास पैसा लागत नाही, मनुष्यबळ लागते. घरात माणसे असतील त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम आहे. ज्यांना तो झेपत नाही, त्यांनी पक्क्या जमिनीकडे वळावे. वाईट आहेत त्या दोन मधल्या अवस्था : कधीही न बदललेली उघडी माती, आणि निचऱ्यावाचून ओतलेला कोबा.

काळ्या मातीवर कोबा का टिकत नाही?

काळी जमीन पाणी पिऊन फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात जिच्या भेगांत हात जातो, तीच माती कोठ्याखालीही असते. तीवर थेट ओतलेला दोन-तीन इंचाचा कोबा पावसाळ्यात वर उचलला जातो आणि उन्हाळ्यात त्याखाली पोकळी होते. त्यावर चारशे किलोचा बैल उभा राहिला की तो फुटलाच पाहिजे. फुटलेल्या कोब्याखाली मूत्र शिरते, तेथून ते काढता येत नाही, आणि पूर्वीच्या मातीपेक्षाही घाण अवस्था निर्माण होते. सिमेंट अधिक घातल्याने हा दोष जात नाही. खालची काळी माती काढून तेथे मुरूम भरणे हाच त्यावर उपाय आहे.

मुरूम हा आपल्याच काळ्या दगडाचा झिजून झालेला चुरा. तो पाण्याने फुगत नाही, ठोकल्यावर घट्ट बसतो आणि पाणी वाहू देतो. डोंगराच्या पायथ्याच्या गावास तो जवळ मिळतो. जमिनीच्या कामात सिमेंटपेक्षाही महत्त्वाचे स्थान या मुरमास आहे, आणि गवंड्याच्या अंदाजपत्रकात नेमकी याच बाबीस काट मारली जाते. तशी काट मारू देऊ नये.

सर्व कोठा एकदम कशाला?

लहान शेतकरी पुष्कळदा या कामास हातच घालीत नाही, याचे कारण सर्व कोठा एकदम पक्का करावयाचा असे तो धरून चालतो. वस्तुतः तशी गरज नाही. गव्हाणीजवळचा पुढचा भाग, जेथे जनावराचे पुढचे पाय व गुडघे टेकतात, तो ठोकलेल्या मुरमाचा असला तरी चालतो. किंबहुना जनावरास तो अधिक सुखाचा असतो. पक्की हवी ती मागची पट्टी, नाली आणि टाके.

मात्र ही पट्टी किती रुंद घ्यावी हे जनावर पाहून ठरवावे लागते. गाय-म्हैस मागील बाजूस मूत्र टाकते. तेव्हा तिच्यासाठी तीन फुटांची पट्टी व एक फुटाची नाली पुरते. बैलाचे मूत्र पोटाखाली, उभ्या जागेच्या मधोमध पडते. त्यासाठी पट्टी सव्वाचार फुटांपर्यंत पुढे घेतली पाहिजे. दुधाच्या गोठ्यांचे नमुने पाहून बैलांच्या कोठ्यात तीनच फुटांची पट्टी केली, तर सर्व खर्च होऊनही मूत्र मातीतच मुरेल.

खर्चात पडणारा फरक मोठा आहे. २५ फूट लांब व साडेअकरा फूट रुंद अशा कोठ्यात सर्वत्र चार इंचाचे काँक्रीट एकास दोन, चार या प्रमाणात करावयाचे झाल्यास सिमेंटच्या सुमारे १७ गोण्या लागतात. त्याच कोठ्यात बैलांसाठी नालीसह सव्वापाच फुटांची पट्टी केली, तर सुमारे ८ गोण्या पुरतात. गाई-म्हशींसाठी नालीसह चार फुटांची केली, तर ६ गोण्यांत काम होते. बाकीचा कोठा पुढच्या वर्षी अगर त्याच्याही पुढच्या वर्षी करता येईल. पहिल्या वर्षीच मूत्र हाती येऊ लागते, ही यातील महत्त्वाची गोष्ट.

जुन्या भिंतींची काळजी

नव्या जागी गोठा बांधणे सोपे. जुन्या कोठ्यात नवी जमीन करणे अवघड. मातीच्या जुन्या भिंतीचा पाया पुष्कळदा फार खोल नसतो. भिंतीलगत एकदम दीड फूट खणले तर भिंत आत ढासळण्याचा संभव असतो. यास्तव खोदकाम भिंतीपासून फूट-सव्वा फूट सोडून करावे, आणि भिंतीच्या पायाहून खोल जाऊ नये. लांब कोठा असल्यास एकदम सर्व न खणता तुकड्या-तुकड्याने खणावा व लगेच भरावा.

दुसरी बाब ओलीची. पक्क्या जमिनीतून ओल वर निघू शकत नाही, म्हणून ती बाजूस सरकते व मातीची भिंत तळाशी ओलावते. कोबा भिंतीला भिडवून न घेता मध्ये सोडलेल्या जागेत मुरूम व गिट्टी भरावी, म्हणजे ओलीस वाट राहते. भिंतीच्या बाहेरच्या बाजूने छपराचे पाणी दूर नेणारी उताराची नाली अवश्य असावी. ती नसेल तर आतील सर्व खर्च व्यर्थ होय.

तिसरी बाब उंचीची. कोठ्याची भुई बाहेरच्या अंगणाहून निदान एक फूट उंच हवी. परंतु जुन्या कोठ्यांचे दार व आढे बुटके असते. भुई एक फूट उचलली तर बैलाची शिंगे आढ्यास लागू नयेत, हे आधी मोजून पाहावे. आढे ठेंगणे असेल तर बाहेरचे अंगण उतरते करून पाणी तोडावे. तेही न जमल्यास छप्पर बदलेपर्यंत मातीच्या थराचा वर सांगितलेला मार्ग अनुसरावा.

कामाचा क्रम

हे काम मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांत करावे. त्या वेळी जमीन कोरडी असते, जनावरे बाहेर बांधता येतात, आणि ऊन सौम्य असल्याने काँक्रीट नीट मुरते. वैशाखाच्या उन्हात पाणी कमी पडून कोब्यास बारीक भेगा पडतात. मृग तोंडावर आला असता घाईने केलेले काम तर कधीच धड होत नाही.

प्रथम एक ते दीड फूट खणून काळी माती काढावी. तिचा वरचा थर मूत्राने पोसलेला असतो. तो रस्त्यावर न टाकता शेतात पसरावा किंवा खतखड्ड्यात घालावा. खड्ड्याचा तळ धुम्मसाने ठोकून त्यात मुरमाचे अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर द्यावेत; प्रत्येक थरावर पाणी शिंपून तो ठोकावा. मुरूम ठोकल्यावर बसतो, म्हणून हिशेबाहून तिसरा हिस्सा अधिक आणावा. त्यावर पाच-सहा इंच दगडाचे सोलिंग करून फटी बारीक मुरमाने भराव्यात. उतार येथेच, सोलिंगमध्येच धरावा. कोब्याच्या जाडीत उतार काढण्याचा प्रयत्न केल्यास एक बाजू पातळ राहते व ती आधी फुटते.

उतार चार फुटांस एक ते सव्वा इंच असावा. याहून कमी असला तर मूत्र वाहत नाही. फार असला तर जनावराच्या मागच्या पायांवर भार पडतो. नाली एक फूट रुंद व तीन इंच खोल ठेवावी. तिचे कोपरे गोलाकार असावेत, म्हणजे फावडे सरळ फिरते व खूर अडकत नाही. २५ फूट लांबीत नालीस तीन इंच उतार द्यावा.

चार इंचाचे काँक्रीट आठ-आठ फुटांच्या खणांत ओतावे व खणांमध्ये सांधा सोडून तो डांबराने भरावा. पृष्ठभाग घोटू नये. गवंड्यास घोटलेल्या कोब्याचा अभिमान असतो, तो येथे बाजूस ठेवण्यास सांगावे. ओल्या काँक्रीटवर खराट्याने खडबड आणून, बोटभर रुंदीचे उथळ चरे चार-चार इंचांवर आडवे-उभे पाडावेत. शहाबादी फरशी कोठ्यात घालू नये. ओली झाली की तीवर पाय ठरत नाही. काँक्रीट दहा दिवस ओले गोणपाट अगर कुटार घालून भिजत ठेवावे आणि तीन आठवडे जनावर बांधू नये.

काँक्रीट परवडत नसेल तेथे काळ्या दगडाचे चपटे तुकडे मुरमावर बसवून सांधे सिमेंटने भरले तरी पट्टी उत्तम होते. विटा वापरावयाच्या असल्यास चांगल्या भाजलेल्याच घ्याव्यात व उभ्या बसवाव्यात. कच्ची वीट मूत्राच्या क्षाराने खिरते.

नालीच्या शेवटी दोन फूट लांब, दोन फूट रुंद व सव्वादोन फूट खोल असे टाके बांधावे. त्यात सुमारे २५० लिटर मूत्र मावते. चार जनावरांच्या वरील हिशेबाने ते पंधरा दिवसांत भरते. त्यावर मजबूत झाकण हवेच. नत्र उडू नये म्हणून आणि लहान मुले व वासरे पडू नयेत म्हणूनही. कोठा धुतलेले व पावसाचे पाणी त्यात जाऊ देऊ नये. टाके फार काळ भरून न ठेवता मूत्र खतखड्ड्यातील काडीकचरा, पऱ्हाटीचा चुरा व कुटार यांवर शिंपडावे. ताजे मूत्र तसेच उभ्या पिकावर ओतल्यास पीक करपते. आणि पक्क्या जमिनीवरही हिवाळ्यात रात्री कुटाराचे अंथरूण द्यावे. सकाळी तेच भिजलेले कुटार खताचे उत्तम साधन होते.

खर्च कोणाचा, कष्ट कोणाचे?

कोठा झाडणे, शेण उचलणे, सारवणे ही कामे बहुतेक घरांत बायाच करतात. खर्चाचा निर्णय मात्र पुरुष करतात. कोठ्याच्या जमिनीस इतका उशीर का लागतो, याचे एक उत्तर येथे सापडते. ज्या बाईस पावसाळ्यात रोज सकाळी चिखलातून शेण वेचावे लागते, तिला विचारले असता नाली कोठे हवी, उतार कोणत्या बाजूस सोयीचा, टाके उकिरड्याच्या जवळ कोठे घ्यावे, हे ती गवंड्याहून चांगले सांगेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोठ्याची आखणी करण्यापूर्वी घरातील बायांना बोलते करावे, हे त्यांचे पहिले कर्तव्य समजावे.

शासनानेही ही गरज ओळखली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेचा जो निर्णय निघाला, त्यात गोठ्यांच्या ओबडधोबड, खाचखळग्यांच्या जागेचा व पावसाळ्यातील दलदलीचा उल्लेख होता. दोन ते सहा जनावरांसाठी ७.७ मीटर लांब व ३.५ मीटर रुंद अशा पक्क्या गोठ्याचा नमुना व ७७,१८८ रुपयांचा खर्च त्यात धरलेला होता, आणि गव्हाणीसोबत २५० लिटरचे मूत्रसंचय टाकेही सांगितलेले होते. अशा योजनांचे नाव, निकष व रक्कम बदलत असते. चालू वर्षी काय लागू आहे ते ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे. योजना कोणतीही असो, टाके व नाली यांना शोभेची वस्तू समजण्यात येऊ नये. ज्या गोठ्यात टिनपत्रे आहेत, कोबा आहे, पण मूत्र दारातून बाहेर वाहत आहे, तो गोठा पूर्ण झाला असे कोणीही लिहू नये.

कार्यकर्त्यांनी पाहणीची वेळही बदलावयास हवी. मार्च महिन्यात सर्वच कोठे कोरडे व नीटनेटके दिसतात, छायाचित्रही चांगले येते. श्रावणातल्या एखाद्या पावसाळी सकाळी कोठ्यात जाऊन उभे राहावे. दारातून पाणी आत येते काय, नालीतून धार वाहते काय, टाक्यात काही जमले आहे काय, आणि बैल ज्या कुशीवर बसला ती कूस कोरडी आहे काय, एवढ्या चार गोष्टी पाहाव्यात. जमीन बरोबर झाली की नाही याचा निकाल तेथल्या तेथे लागतो.

शेतकरी बंधु-भगिनींनी येत्या हंगामात निदान एक गोष्ट करावी. पाऊस पडत असताना आपल्या कोठ्यात मूत्र व पाणी कोणत्या वाटेने जाते ते नीट पाहून भिंतीवर खूण करून ठेवावी, आणि दिवाळीनंतर त्या खुणेनुसार उतार, नाली व टाके आखावेत. प्रथम मुरूम आणावा, सिमेंटच्या गोण्या मागाहून आणाव्यात. पैसा पुरला नाही तर पट्टीपुरतेच काम करावे, परंतु ते तळापासून करावे. जनावर कोरडे बसेल, सकाळचे काम निम्म्या वेळात उरकेल, आणि आज भुईत जिरणारे खत पुढच्या वर्षी कपाशीच्या ओळीत पडेल.